टर्मिनल शोधायची वाट

आज ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरवर एक फाइल उघडली. टर्मिनलची, म्हणजे जोडलेल्या पडदा-कीबोर्डची, माहिती आधी कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची, हे ती यंत्राला सांगते. पहिली ओळ, एका फोल्डरचा पत्ता, सुलभाताईंनी लिहिलेली होती. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनीच मला शिकवलं. तेव्हा एकाच यंत्राला जोडलेल्या टर्मिनल्सवर आम्ही सगळ्याजणी खेटून बसायचो.

"अगं, त्याला वाट दाखव, नाहीतर घरभर धुंडाळत बसेल," त्या हसून म्हणायच्या.

पुढे ती टर्मिनल्स भंगारात गेली. सुलभाताईही गेल्या. त्या ओळीतलं फोल्डर आता रिकामंच आहे.

"मॅडम, ही ओळ काढू?" शेजारी बसलेल्या नेहानं विचारलं.

काढायलाच हवी होती.

"सगळ्यात शेवटी ठेव," मी म्हटलं. "बाकी कुठे सापडलं नाही, तर तिथंही एकदा बघू दे त्याला."