लाल टबातलं खाजण

बाधित व्यक्ती: वी पोंग-इम, विधवा. राहणार सोल्मे, हाम्गे खाडीचा आतला किनारा. व्यवसाय: हातमासेमारी, म्हणजे होडी व जाळ्याविना केलेली. अवजारे: निरंक. समुद्रबांध पूर्ण झाल्याने होणाऱ्या गैरसोयीचे स्वरूप: तात्पुरते. शरद ऋतूत बांधाचे दरवाजे उघडण्यात येतील. तोवर सदर व्यक्तीने सहकार्य करावे.

यातलं नाव बरोबर होतं.

अवजार मात्र होतं. सोल्मेच्या बायका खाजणात शिंपल्या काढायच्या त्या लोखंडी पात्याच्या एका चौकटीने. आपल्या कुळवासारखीच ती. फरक इतकाच की बैलाच्या जागी बाई जुंपलेली असते आणि बाई उलटी चालते. कमरेला दोर, पाठ जायच्या दिशेला, तोंड मागे पडलेल्या चिखलाकडे. पातं चिखलाखालच्या शिंपलीवर आपटलं की टक् असा आवाज होतो, तो कानाला नव्हे, कमरेला कळतो. पोंग-इमच्या कमरेला तो लग्न होऊन आली त्या वर्षापासून कळत होता. नवरा गेल्यावरही ती याच कुळवामागे, खरं तर कुळवापुढे, चालत राहिली. अर्जावर तिने कुळव लिहिला होता. कारकुनाने तो शेतीचा समजून खोडला, कारण तिच्या नावावर शेत नव्हतं.

बांधाचं तोंड वसंतात मिटलं. भरती यायची थांबली. बायका तरी भरती-ओहोटीचं गणित धरून खाजणात जात राहिल्या, जशी सासर सुटलेली बाई हाक आली नसतानाही पहाटे उठून बसते. चिखल वरून वाळत गेला. खाली शिंपल्या दबा धरून होत्या.

मग एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी बायका गेल्या तर खाजणभर शिंपल्या वर आलेल्या. हाताने उचला आणि पिशवीत टाका.

"कुळव घरी ठेवा गं आज," माल-रे ओरडली. ती पोंग-इमची थोरली जाऊ. "आज माल आपल्या पायांनी आलाय."

बायका हसल्या, वाकल्या, पिशव्या भरल्या. आयुष्यात एवढा माल एका सकाळी कुणी काढला नव्हता. पोंग-इमने एक शिंपली उचलून तिच्या बाहेर लोंबणाऱ्या जिभेला बोट लावलं. जीभ आत गेली नाही. दुसरीचीही गेली नाही. चिखलाखाली तहानलेल्या शिंपल्यांना पाणी लागलं होतं, आणि भरती आली असं समजून त्या वर आल्या होत्या. पाणी गोडं होतं.

"जाऊबाई, ह्या मरतायत."

"मग? तू काय त्यांना जिवंत खायची होतीस?"

पण दुपारपर्यंत माल-रेही हसायची थांबली होती, कारण मागे राहिलेल्या शिंपल्यांना वास यायला लागला.

ज्यांचं कवच अजून घट्ट मिटत होतं अशा शिंपल्या पोंग-इमने निवडल्या. हिवाळ्यात कोबीच्या लोणच्याची, किमचीची, भर घालायचा मोठा लाल टब अंगणात ओढला, त्यात खाजणातला अजून ओला राहिलेला चिखल वरची शेवाळाची तपकिरी साय मोडू न देता भरला, आणि बांधापलीकडून गाड्यावर कॅन लादून खारं पाणी आणलं. ते रोज आणायला लागली. चिखलाबरोबर काही बारके खेकडे न बोलावता आले होते.

"लोक कुत्री पाळतात," माल-रे कुंपणापलीकडून म्हणाली. "आमची धाकटी चिखल पाळते."

"दरवाजे उघडले की परत सोडायच्या. बियाणं आहे ते."

"आणि नाही उघडले तर?"

"लिहून दिलंय त्यांनी."

"लिहून माझ्या नवऱ्यानेही दिलं होतं, दारू सोडतो म्हणून."

टब जगला. खेकड्यांनी बिळं केली आणि चिखलाच्या गोळ्या वळून दाराशी टाकल्या. ऊन पडलं की साय गडद व्हायची, शिंपल्या मधूनच पाण्याची चूळ टाकायच्या. पोंग-इम सकाळचा भात टबाशेजारी बसून खाऊ लागली.

पाहणीसाठी पक्षी मोजायला येणाऱ्या थाक बाई एकदा अंगणात डोकावल्या. बराच वेळ उकिडव्या बसून त्यांनी टब पाहिला.

"छान आहे, आजी. सगळं आहे यात."

"मग तोंड का पाडलंय?"

"खाडीत एखादी शिंपली मेली तर काय होतं?"

"खेकडे खातात. कुणाला कळतही नाही."

"इथे मेली तर?"

"इथेही खेकडे आहेत."

"आहेत. पण किती खातील? आणि एक दुपार तापली तर खाडीला पत्ता लागत नाही, टबाचं मात्र पाणी कढतं. लहान जग फार लवकर मरतं, आजी. त्याला चूक परवडत नाही."

पोंग-इमने थोडा विचार केला. "मग केवढा टब लागेल?"

थाक बाईंनी खाडीकडे पाहिलं, मग वर. "मी मोजते ते पक्षी ऑस्ट्रेलियाहून येतात. इथे पोट भरतात आणि सैबेरियाला जातात. त्यांच्या हिशेबी तुमची हाम्गे म्हणजे वाटेवरचं एक ताट."

"म्हणजे केवढा?"

"मलाही माहीत नाही."

पोंग-इमने टबावर चटई घातली.

ऐन उन्हाळ्यात सागरी जीवसृष्टी उद्यानाचा पायाभरणी समारंभ झाला. बाधितांची उपस्थिती प्रार्थनीय होती, म्हणजे बस दारात उभी होती. मंडपात काचेच्या पेटीत खाडीची प्रतिकृती ठेवलेली. तिच्यातलं पाणी रंगाचं असल्यामुळे आटत नव्हतं. भाषणात धीराबद्दल बाधितांचे आभार मानले गेले. निघताना प्रत्येकीला एक टॉवेल मिळाला. त्यावर पक्ष्याचं चित्र होतं.

पोंग-इम घरी पोचली तेव्हा चटई वाऱ्याने उडून कोंबड्यांच्या खुराड्याशी पडली होती. टबातलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालेलं. तिने कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक शिंपली चाचपली. सगळ्या उघड्या. आधी एक मेली असणार, तिच्यामुळे शेजारची, मग सगळ्याच. कुठली पहिली ते आता कळणार नव्हतं. जगलेले खेकडे टबाच्या काठाशी एकमेकांवर चढून बसले होते. तिने टब कलता केला तसे ते उतरले आणि पूर्वी जिकडे समुद्र होता त्या बाजूला अंगणातून चालू लागले. कोंबड्यांनी त्यांना तिथवर जाऊ दिलं नाही.

माल-रे वासाने आली. दोघींनी टब एकेका बाजूने धरून परसाकडे नेला.

"तेंडूच्या बुडाशी ओतू," माल-रे म्हणाली. "खत तरी होईल."

"मीठ आहे त्यात. झाड मरेल."

मग त्यांनी तो रस्त्याकडेच्या गटारात ओतला. पोंग-इमने नव्या टॉवेलने टब पुसला.

उन्हाळा सरताना पक्षी उत्तरेकडून परतले. त्यांना कुणी नोटीस पाठवली नव्हती; बाधितांत त्यांची गणना नव्हती. ते हजारो मैल उडून नेहमीच्या जागी उतरले, भेगाळलेल्या चिखलावर चोची आपटल्या, रिकामी कवचं उलटी केली आणि वाऱ्याकडे तोंड करून नुसते बसून राहिले. काही तसेच बसलेले राहिले.

"यंदा मोजायला वेळ लागत नाही," थाक बाई म्हणाल्या, आणि दुर्बीण पिशवीत ठेवली.

"खोल चिखलात एखादी असेल अजून," पोंग-इम म्हणाली. "पाणी आलं तर जगेल. नाही का?"

थाक बाईंनी पिशवीचा बंद लावला.

दरवाजे उघडायच्या दिवशी पोंग-इम कुळव खांद्यावर टाकून बांधावर गेली. माल-रे तिच्यामागून आली. "तो कशाला आणलास गं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता कमरेचा दोर बांधायला तिला हात दिला.

दरवाजे ठरल्याप्रमाणे उघडले, ओहोटीला. आत साठलेलं पावसाचं पाणी बाहेर गेलं, आणि भरती यायच्या आत ते बंद झाले.