गरिबी निर्मूलनवाला मामा

कुठल्याही सरकारने गरिबी हटवण्याच्या कामावर चुकूनसुद्धा नेमू नये असा एकच माणूस अख्ख्या मराठवाड्यात होता, आणि तो नेमका आमचा धाकटा मामा होता. लातूर नवा जिल्हा झाला, गरिबी निर्मूलनाचं कार्यालय एका भाड्याच्या घरात उघडलं आणि मामा तिथे कारकून म्हणून चिकटला. पण कुणाला तोंडावर 'तुमच्याकडे काय नाही?' असं विचारणं त्याला जमत नसे. पाहणीला गेला की तो काय काय आहे तेवढंच विचारी, आणि छापील कागदावर जे उरे त्यापुढे मुकाट्याने 'नाही' लिही. एका म्हातारीने शेळी, जातं आणि देव इतक्या अभिमानाने दाखवले, की मामा तिला गरीब लिहायला विसरला. दुसऱ्या दिवशी रजा काढून दुरुस्ती करून आला.

पुढे एका दुष्काळात परदेशातल्या मदत देणाऱ्या सरकारी खात्याची दोन माणसं, एक बाई आणि एक साहेब, उदगीरकडच्या एका गावाला नळयोजना द्यावी का ते बघायला आली. गावात दोन दिवसांआड टँकर येई. इंग्रजीसाठी मामाने मला नेलं. मी बी.ए. होऊन घरी बसलेला, आणि माझं इंग्रजी 'वेलकम'पाशीच दमणारं. आहे तसंच दिसू द्या, थाट करू नका, हे सांगायला मामा आदल्या दिवशी जाऊन आला होता. गावाने त्याला जेवायला बसवलं आणि सांगायचं राहून गेलं.

त्या गावातल्या सुभद्राबाईंनी आपल्या अंगणात पाहुण्यांपुढे भरलेली बादली ठेवली. "पाय धुवा, लई उन्हाचं आलाव." परदेशी बाईंनी धुतले, साहेबांनी तर दोनदा धुतले. मग पाणी पुरतं का, असं त्यांनी विचारलं. सुभद्राबाई म्हणाल्या, "पाव्हण्यापुरतं हाय की." मी नुसतंच 'येस' म्हणालो.

योजना दुसऱ्या गावाला गेली. वरच्या साहेबांनी मामाला उभं करून झाडलं, गावाला आधी सांगितलं का नाही म्हणून. मामा म्हणाला, "पाव्हण्याला पाणी देऊ नका, असं कोणत्या तोंडानं सांगू, साहेब?"

मग त्याने त्या गावासाठी अर्जांवर अर्ज केले. पुढच्या उन्हाळ्यात तीच माणसं परत आली, त्याच अंगणात, आणि बादलीही पुढे आलीच. मामाने ती हाताने अडवली.

"ह्यांच्याकडं पाणी नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "ही एवढी बादली हाय. परवापर्यंत पुरवायची हाय."

या खेपेला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत शब्द न् शब्द सांगितला. सुभद्राबाईंनी पदर पुढे ओढला आणि त्या आत निघून गेल्या.

गावाला नळ आला. मामाला मानाचं आवतन आलं, पुढेही येत राहिलं. तो गेला नाही. त्या गावाचं काम निघालं की कागद हळूच शेजारच्या टेबलावर सरकवी. चांगलंच झालं ना मामा, असं मी कधीमधी म्हणायचो.

"झालं की," तो म्हणे. "पण तिच्याच अंगणात बोललो रे."