मधलं टेबल

वर्लीननं वीस वर्षं लष्कराचं भांडार सांभाळलं, शिपायांना बूट आणि कांबळी वाटली, आणि निवृत्त झाल्यावर इथेच कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये घर घेतलं. बाई रोखठोक. खोट एकच, वय चोरायची. साठी गाठलेली, पण सांगायची चोपन्न.

दर फेब्रुवारीत माजी सैनिकांच्या हॉलमध्ये आम्ही काहीजण त्यांची करविवरणं फुकट भरून देतो. लष्करी पेन्शनवर राज्याच्या करात मिळणारी सूट वयाबरोबर वाढते, म्हणून टेबलंही वयावर लावतो. पंचावन्नच्या आतल्यांचं माझ्याकडे, चौसष्टपर्यंतचं मधलं आणि त्यापुढचं खिडकीपाशी. वर्लीन बिनदिक्कत माझ्याच टेबलाशी बसायची. मी जन्मतारीख बघायची, सूट खऱ्या वयाची लावायची आणि तोंड मिटून ठेवायचं.

यंदा तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. मधल्या टेबलाशी ओडेल बसला होता. बायको जाऊन दोन वर्षं झालेला शांत माणूस, पत्ते खेळताना वर्लीनचा नेहमीचा जोडीदार. आणि त्याला खेटून मार्सी, घरून आणलेला केळ्याचा केक कापत.

"बघ कशी चिकटलीय," वर्लीन पुटपुटली. "केक खालून करपलेला असतो हं तिचा."

"मग जा ना तिकडे."

"म्हाताऱ्यांचं टेबल आहे ते."

"तुझं टेबल कुठलं, ते मला सांगायला लावू नकोस."

तिकडे ओडेल कशावरून तरी हसला. मार्सीनं त्याच्या बाहीवरचा चुरा झटकला, आणि झटकून झाल्यावरही हात तिथेच ठेवला.

वर्लीन उठली. खुर्ची उचलून सगळ्यांच्या देखत तिकडे गेली आणि त्या दोघांच्या मध्ये रोवली.

"अगं बाई! सार्जंटबाई, रातोरात पंचावन्न झालीस?" मार्सी म्हणाली.

"साठ." वर्लीनचे कान लालबुंद झाले होते. "सरक जरा."

ओडेलनं केकचा घास गिळला. "मला माहीत होतं."

"कुणी सांगितलं?" वर्लीननं वळून माझ्याकडे डोळे वटारले.

"तूच. बर्लिनची भिंत पडली तेव्हा जर्मनीत सार्जंट होते म्हणालीस. चोपन्नच्या हिशेबानं तेव्हा तू एकोणीसची. एकोणिसाव्या वर्षी सार्जंट कोण करतं गं?"

"मग बोलला का नाहीस?"

"मी कॉर्पोरल म्हणून निवृत्त झालो. सार्जंटला उलटून बोलायची सवय नाही."

वर्लीन हसली, आणि तिनं केकला हात घातला. मार्सीनं डब्याचं झाकण लावून टाकलं.