सारसाच्या मादीचा आवाज

मुलांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत की सारस पक्षी जोडीने कसे ओरडतात. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

नागपूरजवळच्या भोसलेकालीन तलावावर आता पक्षी अभयारण्य आहे. मागच्या हिवाळ्यात धुक्यात मी तिथे गेले. काठावर शिंगाडे काढणारा एक म्हातारा गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. समोर एकटाच सारस नर होता. त्याची मादी विजेच्या तारेला धडकून मेली, तेव्हापासून तो खाईना. म्हणून हा माणूस रोज पाणकणसांत लपून मादीचा आवाज काढायचा. नर एकदा ओरडतो, मादी दोनदा.

"उत्तर नाही भेटलं तं उपाशी मरन, बाई," तो कुजबुजला. "बायको म्हनते, मले कधी असी हाक देल्ली नाही."

तेवढ्यात नर ओरडला. म्हाताऱ्याचे ओठ मिटलेलेच होते. पाणकणसांतून दोनदा उत्तर आलं.

"तिथे कोण आहे?" मी विचारलं.

"मले काय मालूम. माहा गळा बसून महिना झाला. तरी उत्तर येऊन राहिलं. मी पाहाले जात नाही. तुमीबी जाऊ नका."

नर मान खाली घालून चरू लागला.

मी गेले नाही. तो नर अजून जिवंत आहे.