मोडेमवर घातलेलं नाव

"सोमवारपासून एकही कॉल तुटला तर घरून काम बंद," असं साहेबांनी मला तोंडावर सांगितलं. मी हेल्पलाइनवर कामाला, नवरा बोटीवर, आणि घरी सासरे, नुकतीच बायपास झालेले. त्यांना एकटं टाकून रोज ऑफिस गाठायची माझी छाती नव्हती. म्हणजे नोकरीच सोडायची. आणि केबलवाल्याने दिलेला तो जुना मोडेम! मेला तासाला दोनदा मान टाकायचा.

सासरे तुर्भ्याच्या कारखान्यात जन्मभर फिटर. "हत्यार आपलं पाहिजे, बाळा. दुसऱ्याच्या पान्यावर काम होत नाय." आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले, वहीत उतरवून घेतलं, आपल्या लाइनवर कुठला मोडेम चालतो ते केबलवाल्याला खोदून खोदून विचारलं, आणि स्वतः जाऊन नवा मोडेम नि राउटर घेऊन आले. मोडेम वेगळा, राउटर वेगळा, हेही मला तेव्हा कळलं. या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

रविवारी केबलवाला आला. मोडेम उलटा करून म्हणाला, "काका, याचा नंबर कुठाय? तो ऑफिसात चढवल्याशिवाय लाइन चालू नाय होणार."

नंबरच्या पट्टीवरूनच नाव कोरलेलं! सासऱ्यांनी मोडेम शिरवणे गावातल्या भांड्यांच्या दुकानात नेऊन, ताटवाट्यांवर घालतात तसं, त्यावर नाव घालून आणलं होतं.

माझं डोकं सणकलं. "पप्पा, हा काय कुकर आहे? कुणाच्या पंगतीत हरवणार होता?" केबलवाल्यादेखत मी तोंडाला येईल ते बोलले.

"खोका माळ्यावर हाय," एवढंच ते म्हणाले. आमच्याकडे खोका कधी कुणी टाकलाय! स्टुलावर चढून मी तो काढला. त्याच्यावर तोच नंबर छापलेला. केबलवाल्याने तो फोनवर वाचून दाखवला आणि पाच मिनिटांत मोडेमचे सगळे दिवे लागले.

सोमवारी मी दिवसभर फोनवर बोलत होते. एक कॉल तुटला नाही.

संध्याकाळी मोडेम उलटा करून पाहिला. रागाच्या भरात नाव वाचायचंच राहिलं होतं. घरातल्या सगळ्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव आहे, माझ्या रुखवतातल्या ताटांवर माझ्या वडिलांचं. मोडेमवर माझं होतं. नुसतं माझं.

बाहेरच्या खोलीत ते पेपर वाचत बसले होते. त्यांच्यासमोर जायची मला लाज वाटली.