उत्तराची वाट पाहणारे मिस्त्री

"आधी यकट्यानं चालून या. मग बोला."

एवढं म्हणून आमचे मिस्त्री दगडावर टेकायचे. झऱ्याचं पाणी पाइपनं वाडीपर्यंत आणायचं, हे आमचं काम. लाइन कुठून न्यायची हे ठरण्याआधी प्रत्येकानं झऱ्यापासून वाडीपर्यंत एकट्यानं, न बोलता चालून यायचं, असा त्यांचा नेम. मग सगळ्यांत कमी बोलणाऱ्याला ते पहिलं विचारत.

म्हणजे मला.

मी भोरच्या कॉलेजात शिकत होते आणि सुट्टीत त्यांच्या कामावर नोंदी लिहायला जायचे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तास संपल्यावर सुचायचं. आपल्याला डोकं कमी आहे, असंच वाटायचं. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल.

हिर्डोशीकडच्या एका वाडीवर पाणी योजनेच्या इंजिनिअर साहेबांनी नकाशा पसरला. साहेबांना बोलता बोलताच सुचायचं. त्यांनी पायवाटेच्या कडेनं सरळ रेघ ओढली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीतल्या नोंदी चाळत होते.

"मिस्त्री, तिला काही म्हणायचं नाहीये," साहेब म्हणाले.

"हाय की. इचार करतीया ती. तुमी तवर बिडी वडा."

"मी बिडी ओढत नाही."

"मग नुसतं बसा."

मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच तोंड उघडलं. "मधल्या ओलसर जागी म्हशींच्या खुरांचे ठसे आहेत. रोज लोळत असतील तिथं. पाइप टिकणार नाही."

मिस्त्री साहेबांकडे वळले. "हिनं म्हशी बघितल्या. तुमी उतार बघितला. माज्या गुडघ्यांनी फकस्त चढ बघितला. तिगांचं मिळून यक डोस्कं व्हतंय बगा."

लाइन वरच्या बांधानं गेली. तिथला उतार साहेबांनीच नव्यानं काढून दिला.

गेल्या वर्षी मिस्त्रींनी अंथरूण धरलं. मी विंझरला, त्यांच्या गावी, त्यांना भेटायला गेले. ते खाटेवर पडून होते.

"परीक्षा झाली. आता म्होरं काय करनार?"

त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "आगं बोल की, एस्टी जाईल."

"गप गं. तिला येळ लागतोय."

ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर हॉर्न वाजला.

"जा पोरी. सुचंल तवा सांग. म्या कुठं पळतोय?"

नसरापूरला गाडी बदलताना उत्तर सुचलं. मला हेच काम करायचं होतं, त्यांच्यासारखंच, सगळ्यांना विचारून. फोनवर सांगावंसं वाटेना. रविवारी समोर बसून सांगायचं ठरवलं.

शनिवारी निरोप आला.

रविवारी मी गेलेच. अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती. आत त्यांच्या मंडळींनी माझा हात धरला.

"रोज इचारत व्हते, पोरीचा फोन आला का. काय ठरवलंस बाई?"

मी लगेच सांगितलं. इतकं लगेच मी आजवर कुणालाच उत्तर दिलं नव्हतं.