माफीचे खोडलेले कलम

धाऊ कुणाच्याही घरी चहा घेण्यापूर्वी काचेचा पेला एकदा उजेडाकडे धरून पाहत. त्यात यजमानाचा अपमान करण्याचा हेतू नसे. भातसानगरला धरणाचे दरवाजे उघडण्या-मिटण्याच्या कामात त्यांची चौतीस वर्षे गेली होती, आणि त्या कामाने त्यांच्या उपजत संशयाला शिस्त लावली होती. हुकूम साहेबाने कागदावर लिहायचा, कळ धाऊंनी दाबायची, आणि पाणी किती उतरले ते पट्टीवर वाचून तिसऱ्याने नोंदवायचे. लिहिणारा कळीला हात लावीत नसे, कळ दाबणारा पट्टी वाचीत नसे. तिघेही प्रामाणिक होते. तरीही ही व्यवस्था धाऊंना देवपूजेइतकी पवित्र वाटे.

निवृत्तीनंतर ते शहापूर तालुक्यातल्या आपल्या डोंगरपाड्यात परतले. पुढे काही वर्षांनी पाड्याला वरच्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. झाडांची टहाळ, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडून वाळवायची, वाफ्यावर पसरून जाळायची, म्हणजे राब भाजायचा, आणि त्या राखेत भाताचे बी पेरायचे, ही इथली रीत. टहाळ कुणी, कुठून, किती तोडायची हे आता पाड्याने ठरवायचे होते. सभेत सर्वांनी एकमुखाने सांगितले, की नियमही धाऊंनीच करावेत, राखणही त्यांनीच करावी आणि चुकलेल्याला शिक्षाही त्यांनीच द्यावी.

एवढा विश्वास पाहून धाऊंना धास्ती वाटली. त्यांनी महिन्याची मुदत मागून घेतली.

त्यांची सून सारिका मुक्त विद्यापीठातून बी.ए. करीत होती. तिच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात अमेरिकेच्या राज्यघटनेचे प्रकरण होते. दुपारी ओटीवर बसून ती ते मोठ्याने वाची, आणि मोतीबिंदूने डोळे धूसर झालेले धाऊ प्रत्येक वाक्याला अडवीत. राजाशी लढून सुटलेल्या राज्यांचे प्रतिनिधी ऐन उन्हाळ्यात खिडक्या लावून, दारावर पहारा ठेवून घटना लिहायला बसले, हे ऐकताच ते म्हणाले, की ज्याला लपवायचे असते तोच खिडकी लावतो. घटनेचा आरंभ ‘आम्ही लोक’ असा आहे, हे त्यांना आवडले. परंतु पुढे सारिकेने वाचले, की प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम तीन माणसांइतके धरले गेले आणि कर न देणारे मूळ रहिवासी मोजणीतच घेतले नाहीत.

धाऊंनी तिला ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, “म्हंजी त्या ‘आमी’त आपुन नसतो, सारिका.”

नंतरच्या पिढ्यांनी त्यात दुरुस्त्या केल्या, त्यांतली एक तर मोठ्या यादवीनंतर, असे तिने सांगितले. स्वतःची चूक सुधारण्याची वाट ज्या कागदाने स्वतःतच ठेवली आहे, तो अगदीच वाईट नसावा, इतके धाऊंनी मान्य केले. कायदा करणारी दोन सभागृहे, कारण एकावर भरवसा नाही. त्यांचा कायदा अध्यक्ष परत पाठवू शकतो. दोन तृतीयांश सभासद अडून बसले तर अध्यक्षाचेही चालत नाही. न्याय तिसऱ्याकडे, आणि अध्यक्ष चळला तर त्याच्यावरही खटला. ऐकता ऐकता धाऊंना धरणाचे दरवाजे दिसू लागले. ज्यांनी हे लिहिले त्यांचा परस्परांवर विश्वास नव्हता, आणि निदान ही गोष्ट त्यांनी खिडक्यांआड ठेवली नव्हती.

एकच गोष्ट त्यांना खटकली. गुन्हेगाराला माफी देण्याचा अधिकार एकट्या अध्यक्षाकडे होता. माफी एकाच्या हातात दिली की त्याला पुतणे फार होतात, असे म्हणून त्यांनी सारिकेकडून ते कलम, पाड्याच्या नियमांचे जे टिपण ते तिच्याकडून लिहवून घेत होते, त्यातून खोडून घेतले.

महिन्याअखेर त्यांनी टिपण सभेपुढे ठेवले. नियम सगळी सभा करील, आणि तीत बायका व ओढ्यापलीकडची वाडीही असेल. राखण धाऊ करतील. न्याय तीन बायका करतील आणि त्यांत मुख्य जिवली. ओढ्यापलीकडची ही म्हातारी वीस वर्षे बांधावरून धाऊंशी भांडत आली होती.

“मला बशिवतोस, म्हंजी काय डाव हाय रे धाऊ?” जिवलीने विचारले. सभा हसली. तिच्या जागी आपणही हेच विचारले असते, हे धाऊंना ठाऊक होते.

सभेने त्या वर्षी वरच्या उतारावरची ऐनाची झाडे तोडीसाठी बंद ठेवली. माघात एका सकाळी धाऊंना तिथे ताजे घाव दिसले, सगळे डाव्या हाताचे. पाड्यात डावखुरा एकच होता. स्वतःच्याच घरामागे पेंढ्याखाली त्यांना ऐनाचे चार भारे सापडले.

त्यांचा मुलगा रवींद्र लपवाछपवी न करता म्हणाला, की वाट्याला आलेली टहाळ अर्ध्या वाफ्यालाही पुरत नव्हती. राब नीट भाजला नाही तर रोप खुरटेल आणि वर्षाचा भात जाईल. “राखण तुजीच हाय, बा. तू नाय बोललास तं कोनाला कळतंय?”

दारात उभी असलेली सारिका एवढेच बोलली, “मामा, माफीचं कलम तुमीच खोडलंत.”

तो दिवस धाऊंनी घालवला. घाव कदाचित जुने असतील. कदाचित जिवलीनेच रवींद्रला भरीस घातले असेल. परक्या वाडीला आपल्या घराचा न्याय का करू द्यावा? एकामागून एक सबबी पटत गेल्या. संध्याकाळी त्यांच्या ध्यानात आले, की आयुष्यात प्रथमच ते कुणाचे तरी म्हणणे न तपासता मानत होते, आणि तो कुणीतरी ते स्वतःच होते.

दुसऱ्या सकाळी एक भारा डोक्यावर घेऊन ते ओढा ओलांडून जिवलीच्या अंगणात उभे राहिले. तिने उरलेल्या दोघींना बोलावले. निवाडा लवकर झाला: चारही भारे ज्यांना टहाळ कमी पडली त्यांच्या वाफ्यांवर जातील, आणि धाऊंच्या घराला या वर्षी टहाळ नाही.

मग जिवलीने विचारले, “कवा गावलं तुला?”

“काल सकाळी.”

“मंग काल का नाय आलास?”

त्या एका दिवसापायी तिघींनी धाऊंकडची वर्षभराची राखणही काढून घेतली.

वैशाखात राब पेटले. धाऊंच्या वाफ्यावर नुसते शेण आणि वाळले गवत होते. ते भुरभुर जळून विझले. राख निवल्यावर ते गावभर हिंडले. ऐनाचे चार भारे कुठल्या चार वाफ्यांवर गेले ते त्यांनी विचारून आणि राख बोटांनी चाळून पाहिले, आणि अखेर, न्याय करणारीने त्यातले काही स्वतःला ठेवले का ते पाहायला, जिवलीच्या वाफ्यापाशी पोहोचले. तिथे बोट राखेत फिरवले, पुन्हा फिरवले. ऐनाची एकही अर्धवट जळलेली डहाळी हाती लागली नाही.

बांधावरून जिवली हे सारे पाहत होती. तिने त्यांना अंगणात बोलावले आणि चहा दिला. धाऊंनी पेला उजेडाकडे धरला.

“काय दिसलं?” तिने विचारले.

“अजून तरी काय नाय,” धाऊ म्हणाले, आणि त्यांनी चहा घेतला.